गाणं फाटू नये म्हणून

छोटे, तुझा मेसेज ऐकला. मोटरसायकलवर नवे स्पीकर बसवलेस, तेही चांगले महागाचे, तरी महामार्गावर ताशी सत्तर मैलांचा वेग गाठला की किशोरीताई आमोणकरांचा भूप फाटायला लागतो. म्हणून आता हजार वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर घेते म्हणतेस. जरा थांब गं. गाडी तुझी, पैसे तुझे, पण आवाज हा माझा रोजचा विषय आहे. नाटकांच्या ध्वनियंत्रणेवर बसून इतकी वर्षं मी एवढंच सांभाळत आले की शेवटच्या रांगेत शब्द पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या कानाला इजा होता कामा नये. म्हणून हक्काने सांगते, तो अ‍ॅम्प आज मागवू नकोस.

आधी फाटतंय कुठे ते शोधू या. रविवारी गॅरेजमध्ये गाडी उभी कर, इंजिन बंद ठेव. रेडिओतले बास, ट्रेबल मधोमध आणून ठेव, ‘लाउडनेस’ नावाचं बटण असेल तर ते बंद कर, फोनमधला इक्वलायझरही बंद. मग तुला पाठ असलेलं गाणं लाव. भूपच लाव, त्याहून चांगली परीक्षा नाही. तानपुऱ्याच्या जवारीत मूळ स्वराच्या वर कितीतरी बारीक स्वर एकावर एक उमटत असतात आणि यंत्रणेत कुठेही खोट असली की आधी तेच एकमेकांत मिसळून चिखल होतात. गाणं पुढचं, तानपुरा आधी ऐक. आवाज हळूहळू वाढवत जा. तानपुरा सुटा सुटा ऐकू यायचा थांबला, गळ्याला कडा यायला लागल्या, तबल्याचा ‘धा’ नुसता ‘थड्’ व्हायला लागला, की त्या जागी रेडिओचा आकडा किती आहे तो लिहून ठेव.

आता कान लावून ठरव, की हा आवाज नेमका कसला. फाटतोय का, म्हणजे मोठ्या आवाजालाच कर्कश होतोय? खडखडतोय का, म्हणजे एखादा विशिष्ट स्वर आला की प्लास्टिक वाजल्यासारखं? की मागे बारीक शिट्टी आहे आणि अ‍ॅक्सिलरेटर पिळला की ती वर चढते? तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि तिन्हींवर औषधंही वेगळी. दुकानदार तिन्हींवर मोठा अ‍ॅम्पच सुचवतो, कारण त्याच्याकडे तो आहे.

तू ऐकवलंस त्यावरून तुझं दुखणं पहिलं आहे, फाटण्याचं. त्याचं कारण नीट समजून घे, कारण ते समजलं की पुढचे सगळे निर्णय तुझे तुलाच घेता येतील.

गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांना साधारण १४.४ व्होल्ट असतात. रेडिओच्या आतला छोटा अ‍ॅम्प एवढ्याच व्होल्टांवर जगतो. स्पीकरला जाणारी लहर त्या मर्यादेच्या वर उंच होऊच शकत नाही. गणित करून बघ: १४.४ ला २ च्या वर्गमुळाने भागलं की सुमारे १०.२ व्होल्ट, त्याचा वर्ग केला आणि ४ ओमच्या स्पीकरने भागला की २६ वॉट. हा झाला कागदावरचा कळस. प्रत्यक्षात आतल्या चिपमध्ये थोडं खर्च होतं आणि हाती येतात १८ ते २२ वॉट. खोक्यावर ‘५० वॉट गुणिले ४’ असं छापलेलं असतं ना, ते शुद्ध आवाजाचे वॉट नव्हेतच, ते फाटलेल्या लहरीचे वॉट असतात. तू आवाजाचा आकडा आणखी वाढवलास की लहरीला वर जायचं असतं, पण व्होल्ट संपलेले असतात, म्हणून तिचा माथा सपाट कापला जातो. आमच्या मिक्सरवर अशा वेळी लाल दिवा लागतो. माथा असा कापला जाण्याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या माथ्यातून मूळ गाण्यात नसलेले वरचे स्वर जन्माला येतात, तेच तुला चिरकणं म्हणून ऐकू येतं. शिवाय कापलेली लहर पूर्ण चौकोनी झाली, तर तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लहरीपेक्षा दुप्पट ताकद स्पीकरमध्ये ओतते. ट्वीटरची केसासारखी तार त्या उष्णतेनेच जळते. म्हणजे कमी ताकदीचा अ‍ॅम्प पिळून पिळून वाजवला तरी स्पीकर जळू शकतो. तुझ्या नव्या स्पीकरांची मला काळजी आहे ती यामुळे.

यात गाडी बनवणाऱ्याचं काही चुकलं असं समजू नकोस. गाडीतला रेडिओ आणि त्याच्यासोबत आलेले स्पीकर एकमेकांसाठी मोजूनमापून घडवलेले असतात. रेडिओच्या आत त्या ठरावीक स्पीकरला मानवेल असा ध्वनीचा साचा बसवलेला असतो. आवाज वाढला की बास आपोआप आवरता घेणंही त्यातच येतं. तू त्यातला एकच जोडीदार बदललास. त्यात अनेक मोटरसायकलींवर मूळ स्पीकर २ ओमचे असतात आणि बाजारातले बहुतेक ४ ओमचे. त्याच रेडिओवर ४ ओमचा स्पीकर लावला की त्याला जवळपास निम्मीच ताकद मिळते. मग आवाज कमी वाटतो, तू आकडा वाढवतेस आणि रेडिओ लवकर फाटतो. जुने स्पीकर टाकून दिले नसशील तर दोन्हींवर मल्टिमीटर लावून बघ. मीटरवर छापील आकड्यापेक्षा थोडं कमीच दिसतं. ४ ओमचा स्पीकर साडेतीनच्या आसपास दाखवतो, त्याने गोंधळू नकोस.

हे झालं निदान. आता तुझे हजार वॉट.

ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. शंभर खऱ्या वॉटांवरून हजार खऱ्या वॉटांवर गेलीस तरी कानाला दुप्पटच वाटणार आणि ते हजार वॉट गाडीच्या अल्टरनेटरकडून, बॅटरीकडून, तारांकडून वसूल होणार. उलट स्पीकर निवडताना त्याची सेन्सिटिव्हिटी बघ. एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल, तो आकडा. ८८ चा स्पीकर आणि ९४ चा स्पीकर यांत ६ डेसिबलचा फरक, म्हणजे चौपट ताकदीएवढा, आणि बॅटरीवर एका पैशाचा भार न टाकता. तुझ्या खोक्यावर हा आकडा असेलच. मला कळव. वॉटांचे आकडे वाचताना ‘मॅक्स’ आणि ‘पीक’ यांच्याकडे दुर्लक्ष कर, ‘आरएमएस’ तेवढा खरा धर.

आणि आता वाऱ्याचं बोलू, कारण खरा प्रतिस्पर्धी तो आहे आणि त्याचा हिशेब कुणी करत नाही.

महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. समज, तुझा स्पीकर ९० सेन्सिटिव्हिटीचा आहे. २० वॉट दिले तर १३ डेसिबलची भर, दोन स्पीकर म्हणून ३, कान मीटरपेक्षा जवळ म्हणून आणखी ३. झाले १०९. पण हा कळसाचा आकडा. गाण्याची सरासरी पातळी कळसापेक्षा दहाबारा डेसिबल खाली राहिली तरच तबल्याच्या थापेला, तानेच्या टोकाला वर जायला जागा उरते. म्हणजे सरासरी ९७. त्यातलंही वरच्या पट्टीतलं बरंच हेल्मेट अडवतं. वारा १००, गाणं ९७. तू नॉब पिळणारच आणि गाणं फाटणारच. बुटक्या माळ्यावर उंच माणसाला उभं केल्यासारखं आहे हे, डोकं आपटणारच. म्हणून राखीव ताकद लागते. खरे ७५ वॉट मिळाले तर जवळपास ६ डेसिबल वाढतात, सरासरी १०३ वर जाते आणि गाणं वाऱ्याच्या वर तरंगायला लागतं.

पण हेच ६ डेसिबल दुसऱ्या बाजूनेही मिळवता येतात, वारा कमी करून. तुझ्या गाडीचं फेअरिंग (हँडलपुढचं कवच) वटवाघळाच्या पंखांसारखं, हँडलबरोबर वळणारं. त्यावरची काच ठेंगणी असेल तर तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा घुसळत थेट हेल्मेटवर येतो. बसल्या बसल्या हात वर करून बघ (चालवताना नको, मागे बसलेली असशील तेव्हा) वाऱ्याची धार कपाळाशी लागतेय की डोक्यावरून जातेय. काच बदलून, किंवा काचेचा कोन बदलून ती धार हेल्मेटच्या वरून गेली की फार फरक पडतो. या गाडीच्या २०१४ पासूनच्या फेअरिंगमध्ये पुढच्या बाजूला उघडझाप करता येणारी हवेची फट आहे. ती उघडी ठेवली की काचेमागे तयार होणारी पोकळी भरते आणि डोकं हलवणारे झोत शमतात. ती उघडतेस का तू? हेल्मेट गालाला घट्ट बसतंय का, हनुवटीखालून वारा शिरतोय का, तेही बघ. काचेला जे पैसे लागतील ते अ‍ॅम्पच्या आधी घाल. तीन डेसिबल वारा कमी केलास तर अ‍ॅम्प दुप्पट केल्याएवढं मिळालं आणि तेही कानाला जखम न करता.

कानांवर आलेच आहे तर स्पष्ट बोलते. तुमच्या अमेरिकेतली नायॉश ही संस्था सांगते की ८५ डेसिबलला आठ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तू शिकागोहून मिलवॉकीला जातेस, नव्वद मैल. पंधरा मिनिटांत तू उपनगरातूनसुद्धा बाहेर पडलेली नसतेस. वारा शंभर आणि त्याच्यावर गाणं एकशेतीन, हे रोज केलंस तर चाळिशीत कानात कायमची शिट्टी सुरू होईल आणि ती बंद करायला डॉक्टरकडे काही नसतं. माझ्या व्यवसायात अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत, सुरात वाजवणारी, ज्यांना आता शांत खोली सहन होत नाही. तुझ्या बाबतीत मला ते नको आहे. म्हणून कानात इअरप्लग घाल. तुला वाटेल, मग गाणं कसं ऐकू येणार? वारा आणि गाणं दोन्ही सारख्या मापाने खाली येतात, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं आणि कान दमत नाही. फक्त साधे फोमचे प्लग वरचे स्वर जास्त खातात, म्हणून वादक वापरतात तसले फिल्टरवाले घे, ते सगळे स्वर जवळपास सारखे उतरवतात. इलिनॉयमध्ये मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नाही हे मला माहीत आहे. तू घालतेस, घालत राहा. आईला मी हेच सांगून ठेवलंय.

आता खरेदी. दोन चॅनेलचा, क्लास डी जातीचा, ४ ओमला चॅनेलमागे ७५ ते १०० खरे वॉट देणारा, पाण्यापावसाला टिकणारा छोटा अ‍ॅम्प. एवढा पुरे. क्लास डी एवढ्यासाठी की घेतलेल्या विजेतली ऐंशी-नव्वद टक्के तो स्पीकरला देतो. जुन्या एबी जातीचे निम्म्याच्या आसपास उष्णतेत घालवतात आणि तुझ्या फेअरिंगच्या आत ती उष्णता जायला वाट नाही. ७५ वॉटचे दोन चॅनेल पूर्ण जोरात चालले तरी बॅटरीकडून १२-१३ अ‍ॅम्पिअर मागतील. गाण्यात सरासरी त्याहून कितीतरी कमी. गाडी ते सहज पेलते. हजार वॉटला मात्र हाच हिशेब ऐंशीच्या पुढे जातो.

मागच्या पेट्यांच्या झाकणांत स्पीकर बसवायचा विचारही तू बोलून दाखवलास. माझं मत, नको. ते तुझ्या मागे, खाली, वाऱ्याच्या पलीकडे. त्यांचा आवाज तुझ्यापेक्षा शेजारच्या गाडीतल्या माणसाला जास्त ऐकू येतो. हेल्मेटमधल्या स्पीकरबद्दल विचारलंस, तर एकटीने लांब जायचं असेल तेव्हा तेच उत्तम. कानाशी असल्यामुळे त्यांना जेमतेम ताकद लागते. फक्त ते कानाच्या छिद्रासमोर नेमके बसले पाहिजेत. थोडे सरकले की बास नाहीसा होतो. पण तुला फेअरिंगमधूनच हवंय, तर तसंच करू.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक सर्वांत आधी सोडव आणि शेवटी जोड. अ‍ॅम्पची पॉझिटिव्ह तार थेट बॅटरीवरून आण, दिव्यांच्या किंवा इतर कुठल्या तारेत मध्येच टाका घालून नको. फ्यूज बॅटरीपासून वीतभर, फार तर दीड फुटाच्या आत. फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसतो गं, तारेसाठी असतो. तार कुठे घासून चौकटीला टेकली तर तुझ्या मांडीखाली आग लागू नये म्हणून. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ, तार कुठे ताणली जातेय का, चिमटली जातेय का. तार आठ गेजची, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त मिळते, दिसायला हुबेहूब, पण तिचा विरोध जास्त आणि सततच्या थरथरीत ती लवकर तुटते. अर्थिंगची तारही तेवढ्याच जाडीची आणि बॅटरीच्या निगेटिव्हवरच नेलेली उत्तम. चौकटीवर लावायचीच तर रंग खरवडून उघड्या धातूवर, चांगल्या वॉशरसकट.

तुझ्या रेडिओला मागे आरसीएचे सॉकेट नसतील तर अ‍ॅम्पला ‘हाय लेव्हल इनपुट’ आहे ना ते बघून घे, म्हणजे स्पीकरच्या तारांवरूनच संकेत घेता येतो. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की कर: रेडिओच्या स्पीकर-तारांतली निगेटिव्ह ही अर्थ नसते. त्या दोन निगेटिव्ह एकमेकींना किंवा बॉडीला जोडल्यास तर रेडिओ जागच्या जागी मरेल. संकेताच्या तारा एका बाजूने ने, विजेची तार दुसऱ्या बाजूने. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा या दोघी शेजारी शेजारी बांधल्याने किंवा कच्च्या अर्थिंगमुळे येते. आली तर फोन एका साध्या वायरने थेट अ‍ॅम्पला जोडून बघ. शिट्टी गेली तर दोष अलीकडे, राहिली तर अ‍ॅम्पच्या विजेत.

स्पीकर बसवतानाची काळजी स्वस्त आहे आणि तिचा फायदा मोठा. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे ओढत असतो. पुढचा आणि मागचा आवाज कडेच्या फटीतून भेटले की एकमेकांना खातात आणि बास तिथेच संपतो. म्हणून कडेला फोमची गोल पट्टी सलग लाव, स्क्रूची भोकं आणि तारांच्या वाटा बुजव. फेअरिंगच्या आतल्या मोठ्या सपाट प्लास्टिकवर ब्यूटाइलचे चिकट तुकडे लाव, तारांच्या जुडग्यांना कापडी टेप गुंडाळ. खडखड राहिलीच तर गाणं चालू ठेवून तळहाताने एकेक जागा दाबत जा, जिथे थांबते तिथे दोष. पंचेचाळीस अंशांचं व्ही-ट्विन इंजिन काही घट्ट राहू देत नाही, सैल तेवढं सगळं सोडवतं. स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर लाव, लाल नको.

दोन्ही स्पीकरांची दिशा एकच आहे ना ते तपास. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टोकांना टेकव. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह लागलं की पडदा बाहेर यायला हवा, दोन्हींचा. एक आत आणि एक बाहेर असेल तर गळा मधोमध न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंना विरघळतो आणि बास गायब होतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्यासाठी मी हे एवढं सगळं लिहितेय: गेन. अ‍ॅम्पवरची ती बारीक फिरकी आवाज वाढवायची फिरकी समजून लोक पूर्ण फिरवून ठेवतात आणि चांगला अ‍ॅम्पही पहिल्या दिवसापासून फाडतात. गेन म्हणजे रेडिओचा कळस आणि अ‍ॅम्पचा कळस एकाच उंचीवर आणणं, बाकी काही नाही. ते कानाने लावू नकोस, मीटरने लाव. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडव. फिल्टर, बास बूस्ट सगळं बंद. फोनवर ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर पूर्ण पातळीवर रेकॉर्ड केलेला मिळतो, तो लाव. हजार हर्ट्झचा घे असं बरेच जण सांगतील, पण साधे मल्टिमीटर एवढ्या वर गेल्यावर भरवशाचं मोजत नाहीत. रेडिओचा आकडा तीन-चतुर्थांशावर ठेव. सुरुवातीला गॅरेजमध्ये फाटण्याचा जो आकडा लिहून ठेवलास, त्याच्या वर मात्र जाऊ नकोस. मीटर एसी व्होल्टवर, टोकं अ‍ॅम्पच्या स्पीकर-टोकांवर. गेन शून्यावरून हळूहळू वाढव. किती व्होल्टला थांबायचं? वॉट गुणिले ओम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॉट, ४ ओम: ३०० चं वर्गमूळ १७.३. तुझे स्पीकर ६० वॉटचे असतील तर २४० चं, म्हणजे साडेपंधरा. त्या आकड्याला थांब, फिरकीवर नेलपॉलिशचा ठिपका लाव आणि पुन्हा हात लावू नकोस. दुसऱ्या बाजूचंही तसंच. यापुढे रेडिओचा तो आकडा हीच तुझी लक्ष्मणरेषा.

मग स्पीकर जोड आणि हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झला लाव. इथे तू वाद घालणार, मला माहीत आहे. ऐक. १०० हर्ट्झचा स्वर जेवढ्या जोरात वाजतो तेवढाच ५० हर्ट्झचा वाजवायला पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. सव्वापाच-साडेसहा इंची पडद्याला ते झेपत नाही. तो हेलकावे खातो आणि त्याच्यावर स्वार झालेला गळा त्याच्याबरोबर थरथरतो. वाऱ्याचा आवाजही मुख्यतः खालच्या पट्टीतलाच, तिथे त्याच्याशी तू जिंकणारच नाहीस. तो खालचा भाग सोडून दिलास की सगळी ताकद मधल्या आणि वरच्या पट्टीला मिळते, आणि शब्द, तान, नॅव्हिगेशनची सूचना, सगळं तिथेच असतं. वेगात असताना तुला बासची उणीव भासणारही नाही.

इक्वलायझर शेवटी, आणि शक्यतो कमी करण्यासाठी. एखादी पट्टी ६ डेसिबल वाढवलीस की त्या पट्टीला चौपट ताकद लागते आणि मोठ्या कष्टाने मिळवलेली राखीव जागा एका बोटाने संपते. गाणं कर्कश वाटलं तर दोन-चार हजार हर्ट्झच्या आसपास थोडं खाली घे, कोंदट वाटलं तर दोन-तीनशेला खाली घे. हेल्मेट घालून ऐकूनच ठरव. उघड्या कानाने लावलेला सूर हेल्मेटमध्ये मंद होतो, म्हणून वरच्या टोकाला दोन डेसिबलची भर चालेल. ‘लाउडनेस’ बंदच राहू दे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, ते बटण त्या कमी आवाजासाठी आहे. तुझं गाणं हळू कधी वाजणार? डीलरकडे सॉफ्टवेअरने रेडिओचा आतला साचा नव्या स्पीकरला जुळवून देतात का तेही विचार. ते झालं तर वरच्या आकड्याला बास आपोआप कापला जाण्याचा त्रास जाईल.

आणि फोन. ब्लूटूथच्या साध्या कोडेकमध्ये सेकंदाला ३२८ किलोबिटांच्या आसपासच मावतं. त्यात गाणंच हलक्या प्रतीचं डाउनलोड केलेलं असेल तर तानपुरा अ‍ॅम्पपर्यंत पोचण्याआधीच विटलेला असतो. अ‍ॅपमध्ये सर्वांत वरचा दर्जा निवड, फोनचा आवाज जवळपास पूर्ण ठेव, शक्य तिथे यूएसबीची तार वापर.

सिग्नलला थांबलीस की आवाज उतरव. बऱ्याच टूरिंग गाड्यांत वेगाप्रमाणे आवाज आपोआप कमीजास्त होण्याची सोय असते, ती चालू कर आणि तिचं प्रमाण मध्यम ठेव. रात्री वस्तीतून जाताना तर बंदच कर. कुणाच्या तरी घरी लहान बाळ झोपलेलं असतं.

या शनिवार-रविवारी फक्त निदान कर आणि काच बघ. अ‍ॅम्प पुढच्या आठवड्यात, माझ्याशी बोलून. बसवशील तेव्हा फेअरिंग बंद करण्याआधी तीन फोटो पाठव: फ्यूजचा, अर्थिंगच्या बोल्टचा, आणि गेन लावताना मीटरवर दिसलेल्या आकड्याचा. तुझी रात्र म्हणजे माझी सकाळ, मी जागी असते. गाणं जोरात चालू असताना अ‍ॅम्पच्या विजेच्या टोकांवर किती व्होल्ट मिळतात तेही मोजून ठेव. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर कुठला तरी जोड कच्चा आहे, आणि तो आपण दोघी मिळून शोधू.